आधी बॅटरी, मग ऊन

१

"पाना खाली ठेव, आई."

"नाही ठेवत."

"मी हात धरीन तुझा."

"धर ना. बापाचा धरायला होत नाही तुझ्याच्यानं, माझा तरी धर."

प्रमिलाबाई जुन्या मिनीबसच्या तळावर गुडघे टेकून बसल्या होत्या. पुढ्यात लाकडी पेटीचं झाकण उघडं होतं, पेटीत बॅटरी होती, आणि हातात दहा नंबरचा पाना. कुंदन दारात वाकून उभा होता. चाळिशीचा उंच माणूस, बसचं छत बुटकं, त्यामुळे तो आईला दरडावत होता की आईपुढे मान तुकवत होता हे बघणाऱ्याला कळलं नसतं. दोघांच्या डोक्यावर एक छोटा पांढरा दिवा जळत होता. बाहेर संध्याकाळचं ऊन अजून होतं. दिव्याची काही गरज नव्हती.

"तू वायर काढलीस तर ते..." कुंदन बोलला आणि थांबला.

"तर ते काय? ते घरात आहेत, पलंगावर. तुझी बायको एकटी त्यांना कुशीवर वळवतेय."

"ते तिथं नाहीत. कुठं आहेत ते तुलाही माहीत आहे."

"बठ्ठं माहीत शे माले," प्रमिलाबाई म्हणाल्या. राग आला की त्यांच्या तोंडात माहेरची बोली यायची, आणि ती आली की घरातलं माणूस गप्प बसायचं. कुंदन गप्प बसला नाही. तेवढ्यावरूनच त्यांना कळलं की हे भांडण नेहमीचं नाही.

२

मिनीबस सुपडूअण्णांची. सगळी नोकरी त्यांनी चाळीसगाव डेपोत एस.टी.च्या स्टेअरिंगवर काढली. धुळ्याला जाता-येता लळिंगचा किल्ला त्यांना रोज काचेतून दिसायचा, आणि रोज मागे जायचा. "मी त्याला वर्षानुवर्षं बघतोय, त्यानं मला एकदाही चढू दिलं नाही," असं ते म्हणत. निवृत्त होऊन नशिराबादला घर बांधलं, आणि एका शाळेनं काढून टाकलेली पिवळी मिनीबस घरी आणली. बाकडी उपटली, प्लायचा पलंग ठोकला, शेगडी आणि पाण्याचा कॅन ठेवायला फळ्या मारल्या. किल्ल्याखाली गाडी लावायची, खिचडी टाकायची, तिथंच झोपायचं. मग तोरणमाळ. मग जिथं पेट्रोलपंप नेईल तिथं.

"आणि दिव्याचं काय?" प्रमिलाबाईंनी विचारलं होतं.

"ते तू बघ, इंजिनीअरबाई."

त्यांनी ते थट्टेनं म्हटलं, बाईंनी ते मनावर घेतलं. चौथीत शाळा सुटलेली बाई. पण किराण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा सरळ करून वाचल्याशिवाय चुलीत घालत नसे. महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले, जळगावच्या दुकानदाराचं डोकं खाल्लं, आणि अण्णांना समोर बसवून शिकवलं: छतावर दोन पॅनल. पॅनलची वायर आत कंट्रोलरला. कंट्रोलर म्हणजे भिंतीवरची डबी, सूर्याकडून किती घ्यायचं आणि बॅटरीत किती भरायचं ते ठरवणारी. डबीतूनच एक दिवा, एक छोटा पंखा. आणि जोडताना क्रम चुकवायचा नाही. आधी बॅटरी, मग ऊन. काढताना उलट. आधी ऊन, मग बॅटरी. नाहीतर डबी जळते.

"म्हणजे आधी घरचा, मग पाहुणा," अण्णा म्हणाले.

"आणि जाताना आधी पाहुणा जातो. बरोबर."

एक पॅनल दोघांनी मिळून बसवलं. बाई शिडीवर, अण्णा शिडी धरून. दुसरं बसवायचं होतं त्या सकाळी अण्णा दात घासता घासता मोरीपाशी बसले, आणि बसलेलेच राहिले. झटका मोठा होता. दवाखान्यानं ठेवायचं तेवढं ठेवलं आणि घरी पाठवलं. तेव्हापासून ते पलंगावर होते. डोळे मिटलेले, नाकात नळी, छाती वर-खाली. बोलावलं तर ओ नाही, चिमटा काढला तर हूं नाही.

नावाची एक गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. अण्णांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून हे जन्मले तेव्हा त्यांच्या आईनं यांना सुपात निजवलं, वर फडकं टाकलं, सूप चुलीमागं सारलं, आणि पाळण्यात दुपट्यात गुंडाळून वरवंटा ठेवला. न्यायला येणाऱ्यानं पाळण्यात बघावं, दगड बघून माघारी जावं. म्हणून नाव सुपडू. अण्णा ही गोष्ट हसत सांगत. "तो अजून वरवंटाच हलवतोय," म्हणत.

३

अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली, माहेरवाशिणी झोके घेऊन परत गेल्या, आणि प्रमिलाबाईंनी एकटीनं दुसरं पॅनल चढवलं.

कामिनी, त्यांची सून, खालून ओरडत होती, "आई, उतरा, पडाल." बाई उतरल्या नाहीत. अर्धवट टाकलेलं काम म्हणजे माणूस गेल्यासारखंच झालं, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी सुनेला सांगितलं नाही. भोकात सिलिकॉन भरलं, वायर आत घेतली, फ्यूज घातला. आधी बॅटरी, मग ऊन. डबीच्या काचेवर सूर्याचं चित्र उमटलं, त्यातून बॅटरीकडे बाण सरकू लागला.

कळ दाबली. दिवा लागला.

दिव्याची कळ मिनीबसमधल्या पलंगावर, अण्णांच्या उशापाशी होती. ती त्यांनीच मागून घेतलेली जागा. घरात कायम तसंच असायचं: अण्णा पलंगावर पडलेले, बाई स्वयंपाकघरात दुधाला विरजण लावत असलेल्या. अण्णा विचारायचे, "येतेस का?" आणि बाई आतून म्हणायच्या, "तुम्ही दिवा वाढवा, मी येते मागून." दिवा विझव म्हणू नये, बंद कर म्हणू नये, वाढव म्हणावं, हे त्यांच्या आईचं. अण्णा दिवा वाढवायचे आणि बाई अंधारात न अडखळता जागेवर यायच्या. एवढ्या संसारात निजताना दिवा त्यांनी स्वतः कधी वाढवला नव्हता.

त्या संध्याकाळी सामान आवरून त्या मिनीबसच्या दारात आल्या. हात भरलेले. पाना, पक्कड, उरलेली वायर. मागं न बघता, सवयीनं तोंडातून गेलं, "दिवा वाढवा."

टक्.

दिवा गेला.

४

वायरला माणूस कळत नाही. प्रमिलाबाई अंगणात उभ्या राहून हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. कळीतली स्प्रिंग सैल असेल. दाराजवळ पाऊल पडलं, गाडी हलली, कळ पडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कळ बदलली. नवी, घट्ट, दाबताना अंगठा दुखेल अशी. दिवा लावला. दारात जाऊन पाय आपटले, दार दणकन लावलं, गाडीला बाहेरून खांदा लावून हलवलं. दिवा जळतच होता. मग त्या आत आल्या, घसा साफ केला. एखाद्या परक्या घरात पाणी मागावं तशा आवाजात म्हणाल्या, "दिवा वाढवा."

टक्.

घाबरून ओरडावं असं त्यांना वाटलं नाही. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि पदर तोंडाला लावला. झटका आल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. रडायला समोर कुणीतरी लागतं.

मग दुपारी तिथं जाऊन बसायचा त्यांना नाद लागला. बाहेर वैशाखाचं ऊन कौलं भाजत असायचं, आत पंखा गरगरत असायचा. दोन कपांत चहा घ्यायच्या. दुसऱ्या कपातला चहा कमी व्हायचा नाही, तेवढी खुळी आशा त्या धरून नव्हत्या. पण अण्णांचं वजन पडलं की मिनीबस जशी डाव्या अंगाला दबायची, तशी ती दबायची. प्लाय कुरकुरायचा. कपातला चहा एका बाजूला कलायचा आणि तसाच राहायचा.

"लळिंगला आधी जाऊ की तोरणमाळला?" त्या विचारायच्या. उत्तर यायचं नाही. अण्णा हयातभर असेच होते, विचारलं की गप्प आणि शेवटी स्वतःच्या मनाचं करणार. घरातला पलंग आणि त्यावरचा माणूस, त्याची नळी, त्याचा वास, यांची तेवढा वेळ आठवण नको वाटायची. याची लाज वाटायला हवी होती. वाटायची नाही.

५

पहिल्यांदा खटकलं ते लाईट गेली तेव्हा.

भर दुपार. घरातला कूलर थांबला. खोली अशी कोंदली की पडद्याची झालरसुद्धा हलत नव्हती. प्रमिलाबाई नवऱ्याचं अंग पुसायला आल्या आणि हातातला ओला पंचा तसाच राहिला.

अण्णांच्या कपाळावरची पांढरी बट हलत होती. उडत होती, खाली बसत होती, पुन्हा उडत होती. एका लयीत. वाऱ्यानं हलावी तशी.

त्यांनी आपला तळवा त्यांच्या कपाळासमोर धरला. वारा नव्हता.

बऱ्याच वेळानं त्यांना आठवलं की मिनीबसमधला पंखा आपण चालूच ठेवून आलोय.

बाई घाबरल्या की हिशेबी होत. त्यांनी कामिनीला हाक मारून पलंगापाशी बसवलं. "त्यांच्या केसांकडे बघ. खिडकीतून मला सांगत राहा."

"काय सांगू, आई?"

"जे दिसेल ते."

त्या मिनीबसमध्ये गेल्या. पंखा बंद केला.

"थांबले," कामिनीचा आवाज आला.

पंखा लावला.

"हलतायत." आणि मग, जरा वेळानं, खालच्या आवाजात, "आई, तुम्ही तिकडं काय करताय?"



पुढच्याच आठवड्यात वावटळ आली. रानातली सगळी माती उचलून गावावर टाकून गेली. अण्णांचा श्वास घरघरू लागला, ओठ निळसर झाले, नखं काळवंडली. कामिनी गंगाजळाची लोटी शोधत होती. बाई शिडी लावून छतावर चढल्या, पदरानं पॅनलवरची माती पुसली, वरून बादलीभर पाणी ओतलं. खाली आल्या तेव्हा अण्णांची छाती पुन्हा संथ वर-खाली होत होती.

श्वास परत आला हे बरं नव्हतं. ते बघून बाईंचं काळीज हललं, कारण त्याच वेळी कामिनीनं त्यांना कुशीवर वळवलं होतं आणि पाठ उघडी होती. पाठीला आता पाठ म्हणवत नव्हतं. त्या जखमांना हात लागला की मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळायचं. ओ न देणारा, हूं न म्हणणारा माणूस, पण पाणी गळायचं.

"कशात जीव अडकलाय कोण जाणे," कामिनी म्हणाली. "आई, सुटू द्या हो त्यांना."

सून तशी बोलत नसे. बाई तिच्यावर खेकसल्या नाहीत.

६

कुंदनला मिनीबस विकायची होती. बोदवडचं गिऱ्हाईकसुद्धा त्यानं बघून ठेवलं होतं. गाडी दाखवायची म्हणून तो एका संध्याकाळी आत झाडू मारायला गेला, आणि दिवेलागणीपर्यंत बाहेर आला नाही.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा शाळकरी पोरासारखा झाला होता. "आई," तो म्हणाला, "अण्णा तंबाखू मळतायत. मला वास आला. टाळी ऐकू आली."

वास बाईंना रोज येत होता.

गिऱ्हाईक परत गेलं. कुंदन ऑफिसातून सुटला की सरळ मिनीबसमध्ये जाऊन बसू लागला. बापाशी कधी मोकळं बोलला नव्हता, ते सगळं तिथं बोलू लागला. बाईंना स्वयंपाकघरातून त्याचा आवाज यायचा. मध्येच तो हसायचा. त्याला बोलवायला त्यांचा पाय उचलत नसे.

पण तो घरातल्या खोलीत जाईना. कामिनी हाक मारायची, "अहो, जरा पाय धरा, वळवायचंय." "आलो," म्हणायचा आणि यायचा नाही. मिनीबसमधल्या बापाला पाठ नव्हती, म्हणून जखमही नव्हती.

आणि आज तो जळगावहून रिक्षात घालून तिसरं पॅनल घेऊन आला. बरोबर दुप्पट मोठी बॅटरी.

"पावसाळा येतोय," तो म्हणाला. "महिना महिना ऊन पडत नाही. तयारी नको?"

"कसली?"

"त्यांना काही कमी पडायला नको. आई, नीट सांभाळलं तर ही सिस्टीम वीस वर्षं चालते."

प्रमिलाबाईंनी घराच्या खिडकीकडे बघितलं. वीस वर्षं. मग आत जाऊन हत्यारांच्या डब्यातून दहा नंबरचा पाना काढला.

७

"हे बघ, कुंदन," त्या म्हणाल्या. आता बोली गेली होती, आवाज साधा झाला होता. "मला काय हौस आहे? तुझ्या आधीपासून मी इथं येऊन बसतेय. दोन कप चहा करून. तुला वाटतं तुलाच बाप पाहिजे?"

"मग कशाला काढतेस?"

"पाठ बघ जाऊन त्यांची. एकदा बघ. मग मी पाना ठेवते."

कुंदन हलला नाही. त्याचे डोळे भरले होते. "ते गेले तर माझं त्यांच्याशी बोलणं अर्धंच राहील, आई."

"सगळ्यांचंच राहतं रे. कसाले रडस?" म्हणताना त्यांचाच आवाज फाटला.

आधी ऊन. त्यांनी पॅनलची वायर डबीतून सोडवली. डबीच्या काचेवरचा सूर्य मावळला. खिडकीतून घर दिसत होतं. घरात काही आवाज झाला नाही.

मग बॅटरी. नट सैल झाला, वायर उचलली, बाजूला वाकवली. दुसरी वायरही काढली. काच काळी पडली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला.

दिवा जळत होता.

दोन्ही वायरी त्यांच्या हातात होत्या, तांब्याची टोकं हवेत. बाईंनी त्या टोकांकडे बघितलं, मग दिव्याकडे. शिकलेलं सगळं त्यांनी मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. पॅनल, डबी, बॅटरी, दिवा. यात आणखी काही नव्हतं.

"बघ," कुंदन हळू म्हणाला. तो आता हसत होता, आणि ते हसू बघवत नव्हतं. "बघ, त्यांना जायचं नाही. तू काय काढणार आहेस आता? राहू दे ना, आई. काही लागतसुद्धा नाही त्यांना. नुसतं राहू दे."

घरातून कण्हण्याचा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. लांब, बारीक, तोंड मिटून काढलेला. त्यामागे कामिनीची हाक, "अहो, या ना कुणीतरी."

कुंदननं कानांवर हात ठेवले.

प्रमिलाबाई मिनीबसमधल्या पलंगाकडे वळल्या. आजवर त्या पलंगाच्या त्या अंगाकडे त्यांनी नीट बघितलं नव्हतं. कडेला बसायच्या, पाठ तिकडे करून. आता बघितलं. गादी दबलेली होती, तिथं होतंच कुणीतरी. पण सहा फुटी ड्रायव्हर झोपल्यावर गादी दबते तशी ती दबली नव्हती. दबलेली जागा लहान होती. उशीपाशी, भिंतीला चिकटून, गुडघे पोटाशी घेतल्यासारखी. सुपात मावेल एवढी. वरून चादरीचं टोक आपणहून ओढून घेतलेलं होतं, तोंडापर्यंत.

घरातल्या पलंगावर वरवंटा ठेवून आलंय हे, त्यांच्या मनात आलं. आणि त्याच्याच पाठीला जखमा.

त्यांना त्या टोकावर हात फिरवावासा वाटला. फिरवला नाही. हात फिरवला असता तर पुढचं बोलता आलं नसतं.

"दिवेलागणीची वेळ झालीय," कुंदन घाईनं म्हणाला. आईच्या तोंडावर त्याला काहीतरी दिसलं होतं. "आई, या वेळेला दिवा वाढवतात का कुणी? तूच सांगायचीस. तूच मारलंयस मला त्यावरून. उद्या बघू. उद्या सकाळी बोलू. आई, माझ्याकडे बघ."

त्यांनी वायरी खाली ठेवल्या. गुडघ्यावर हात रेटून उठल्या, पदर सारखा केला. दुधाला विरजण लावून हात धुतल्यावर पुसायच्या, तसे दोन्ही हात पदराला पुसले. हात कोरडेच होते. उशीकडे न बघता, दाराकडे तोंड करून, स्वयंपाकघरातून पलंगापर्यंत ऐकू जाईल अशा रोजच्या आवाजात त्या म्हणाल्या, "तुम्ही दिवा वाढवा, मी येते मागून."